हाकेच्या अंतरावर

जेवताना बाबा मधूनच "ओ" म्हणत. कोणी हाक मारलेली नसे. हातात घास धरून ते मान वळवत, खिडकीबाहेर पाहून "ओ" म्हणत आणि घास तोंडात घालत. आई होती तोवर म्हणायची, "एवढं तातडीनं कोण बोलावतंय? सांगा त्यांना, जेवून येतो म्हणून." आजोबांनाही ही खोड होती म्हणे. कोणाच्या घराण्यात टक्कल चालत येतं, कोणाच्या दमा. यांच्याकडे ही ओ आली होती. मुलाला, म्हणजे वर्तमानपत्रातल्या उपसंपादकाला, चाळिशी उलटली तरी ती लागली नव्हती. त्याचं त्याला बरंच वाटायचं.

अलीकडे बाबांनी टेबलाजवळची आपली खुर्ची फिरवून घेतली होती. खिडकीकडे पाठ, घराकडे तोंड. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते म्हणाले. त्या खिडकीत ऊन येत नसे, पण म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार?

वाद दुसराच चालू होता. बायकोला सातवा महिना होता आणि बाळाला कोणाचं आडनाव लावायचं हे ठरत नव्हतं.

"तुझं आडनाव सांगितलं की लोक दोनदा विचारतात आणि मग तिसरंच काहीतरी लिहितात," ती म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती. दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवायची तिला सवय होती. "माझ्या आडनावाचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. तुझ्याचा सांग बघू."

रविवारच्या पुरवणीत उपसंपादक कित्येक वर्षं आडनावांवर सदर लिहीत होता. आडनाव आलं कुठून, त्याचा अर्थ काय आणि ते पसरलंय किती, हे तीन प्रश्न; तिन्हींची उत्तरं पक्की झाल्याशिवाय मजकूर छपाईला जायचा नाही. कचेरीत त्याला सगळे 'मास्तर' म्हणत.

"लोकांची मुळं खणत फिरतोस," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या बुंध्याशी हे एवढं तण! बरं, सवलत देते. बाळ यायच्या आत अर्थ शोध, तुझं लावू. नाहीतर माझं."

ती हसत होती, तो नव्हता. आजोबा एकुलते, बाबा एकुलते, तोही एकुलता. घराबाहेर हे आडनाव त्याला कधी भेटलंच नव्हतं. बाळाला ते लावलं नाही, तर त्याच्या पश्चात ते सांगायला तोंड उरणार नव्हतं.

त्याने सदराच्या शेवटी दोन ओळींचं आवाहन टाकलं: हे आडनाव लावणाऱ्यांनी कचेरीत फोन करावा.

"मास्तर, घरचं कार्य आणि मांडव पेपरचा?" संपादक बाई म्हणाल्या, पण त्यांनी ते कापलं नाही.

आठवडाभरात तिघांचे फोन आले. एक जहाजावरचा निवृत्त स्वयंपाकी, एक भूगोल शिकवणारी शिक्षिका, एक लिफ्ट दुरुस्त करणारा. उपसंपादकाने तिघांना एकाच दुपारी बोलावलं आणि नेहमीच्या पद्धतीने तिघांना वेगवेगळं बसवलं. स्वयंपाकी कॅन्टीनमध्ये, शिक्षिका बैठकीच्या खोलीत, लिफ्टवाला छायाचित्रकारांच्या खोलीत. दोन साक्षीदार एका बाकावर बसले की दोघांची मिळून एकच साक्ष होते, हे तो कोर्टाच्या बातम्या करताना शिकला होता. तिन्ही खोल्यांची दारं एकाच बोळात उघडत आणि तिन्ही दारांना काचा होत्या.

"मी काही तुमचा पेपर वाचत नाही, राग मानू नका," स्वयंपाकी म्हणाला. "पुडीचा कागद होता."

"आडनाव कुठून आलं, काही ऐकलंय?"

"आडनाव कसलं हो! आमचा आजा म्हणायचा, ती हाक आहे. कोणीतरी कोणाला तरी हाक मारली, आमच्यातल्या एकाने ओ दिली. ज्याने दिली त्याला ते चिकटलं."

"कोणी मारली हाक?"

स्वयंपाक्याने चहाचा कप बशीत नीट मधोमध ठेवला. "चहूकडे पाणी असायचं. दर्यात माणूस उतरला तर बुडेल, हाक कुठून मारेल? पण यायची. जहाज कसंही वळो, हाक एकाच अंगाने यायची. कप्तान थट्टेने मला विचारायचा, का रे, आज होकायंत्र बरोबर आहे ना?"

शिक्षिकेने तेच सांगितलं, जरा शुद्ध भाषेत. लिफ्टवाल्याने तेच सांगितलं, दोन शिव्या घालून. एका नात्यातले नव्हते, एका गावचे नव्हते, एकमेकांची तोंडं त्यांनी पाहिली नव्हती. उपसंपादकाचा हात भराभर चालत होता. उगम मिळाला होता.

"आणि अर्थ?" त्याने शिक्षिकेला विचारलं.

"तो हाक मारणाऱ्याला ठाऊक. आपल्या हातात ओ देणं." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "एक विचारू? तुम्हालाही जवळून येतेय का हल्ली?"

"मला येतच नाही."

एखाद्या विद्यार्थ्याचा पेपर कोरा निघावा, तसं तिने त्याच्याकडे पाहिलं.

"मी दिशा शिकवते, मला कळतं," ती म्हणाली. "आयुष्यभर एका बाजूने, फार लांबून यायची. या वर्षी दिशा बदलली. म्हणून तर बदली मागून इथे आले. घरी सांगितलं, हवा मानवते."

स्वयंपाकी याच वर्षी इथे आला होता. लिफ्टवालाही. "काम चांगलं मिळतं इथं," तो म्हणाला, पण डोळ्याला डोळा न देता.

उपसंपादक बोळात आला. भिंतीला टेकून तो टिपणं चाळू लागला. तळमजल्यावर छपाईयंत्राची घरघर चालू होती. कोणीतरी स्टेपलर आपटत होतं.

तेवढ्यात तिन्ही दारांआडून एकदम आवाज आला.

"ओ."

एकच आवाज म्हणावा इतका एकदम.

त्याने काचांतून पाहिलं. तिघांच्या खुर्च्या तीन दिशांना होत्या. तिघे उभे होते आणि तिघांची तोंडं एकाच दिशेला होती. स्वयंपाक्यासमोर फरशीची भिंत होती, शिक्षिकेसमोर कपाट, लिफ्टवाल्यासमोर बंद पडदा. त्यांना ते दिसत नसावं. दूरच्या डोंगराकडे पाहावं तसे ते पाहत होते. शिव्या घालणाऱ्या लिफ्टवाल्याने हातातली टोपी छातीशी धरली होती.

उपसंपादक बोळाच्या टोकाच्या खिडकीशी गेला आणि त्याने त्या दिशेला पाहिलं. गच्च्या, पूल, पुलापलीकडे पाण्याची उंच टाकी.

त्या टाकीखालच्या गल्लीत त्याचं घर होतं.

त्या दिवशी सदर गेलं नाही. त्याच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

घरी दिवे लागले होते. बायको पानं वाढत होती, बाबा फिरवलेल्या खुर्चीत बसले होते.

"बाबा," तो म्हणाला, "आपलं आडनाव म्हणजे हाक आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? तू सगळ्या गावाला विचारत होतास." बाबांनी पाण्याचा पेला जवळ ओढला. "आणि ज्याला ऐकू येत नाही, त्याला काय सांगायचं?"

"तुम्ही काय कुजबुजताय?" बायको खुर्ची ओढून जपून बसली. "ते राहू दे. अर्थ लागला का?"

खोटं सांगता आलं असतं. अर्थ रचणारे लोक त्याने खूप पाहिले होते.

"उगम लागला," तो म्हणाला. "अर्थ नाही."

"मग हरलास." तिने त्याच्या हातावर थोपटलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. ठरलं तर, बाळाला माझंच आडनाव लावू या."

नळ ठिबकत होता. मग ते ठिबकणं थांबलं.

बाबा उठून उभे राहिले. आजवर त्यांनी नेहमी बसूनच ओ दिली होती. आता हात खाली सोडून, फार मोठ्या माणसासमोर उभं राहावं तसे ते उभे होते. खिडकीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते सुनेकडे पाहत होते, तिच्या चेहऱ्याच्या जरा खाली.

"अगं बाई, केवढं फिरतंय!" तिने पोटावर हात ठेवला. मग मान वर करून तिने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं.

"दोघंही काय ओ म्हणताय?" ती म्हणाली. "मी कुठे हाक मारली?"

उपसंपादकाने खाली पाहिलं. त्याची खुर्ची मागे सरकलेली होती, आणि तो उभा होता.