पुस्तक पुरं करू

दुखणाईताला भेटायला येताना लोक फळं आणतात. शालनला भेटायला येणारे पुस्तकं आणायचे. सगळ्या भावकीला ठाऊक होतं, धनाजीची बायको म्हणजे वाचनाची खुळी. कडेगावच्या माहेरी बारावीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन उंब्रजच्या खाली, नदीकाठच्या त्या गावात आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्या कमी आणि पुस्तकं जास्त निघाली. सासूनं, राहीबाईनं, कपाळाला हात लावला होता.

मग एका सुगीला उसाच्या वाढ्याचा भारा घेऊन ट्रॉलीवरून उतरताना तिचा पाय सुटला आणि कंबर कामातनं गेली. मिरजेला दाखवलं. पट्टा मिळाला, गोळ्या मिळाल्या, आणि आता हे असंच राहणार, सवय करून घ्या, असा सल्लाही मिळाला. सवय म्हणे! असं सांगणाऱ्याची स्वतःची कंबर बहुतेक धड असते.

दुखणं तिनं सोसलं असतं. वाचणं गेलं ते मात्र सोसवेना. ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात डोक्यातनं निघून जायची. कादंबरी धरली तर कोण कुणाचा कोण ते ध्यानात राहायचं नाही. पोथी काढली की झापड यायची. साप्ताहिकातले विनोद त्यातल्या त्यात बरे, पण हसू यायच्या आधी कळ यायची आणि मग विनोद कशावर होता तेच आठवायचं नाही. एका दुपारी तिनं हातातलं पुस्तक भिंतीवर फेकलं आणि ढसाढसा रडली.

धनाजी नेमका दारात उभा होता. गावच्या पाणीपुरवठा संस्थेची नदीवरची मोटार तो चालवायचा. आठवी सुटल्यापासून त्यानं पुस्तक म्हणून हातात धरलेलं नव्हतं. त्यानं ते उचललं, धूळ झटकली.

"मी वाचून दावू?"

"तुमी?" रडता रडता शालनला हसू फुटलं. "लग्नाची पत्रिका वाचाय तुमाला सकाळची दुपार हुती."

"मंग झ्याकच की. तुला सावकाशच पायजे न्हवं?"

पठ्ठ्या खरंच मनावर घेऊन बसला. उंब्रजच्या वाचनालयातनं एक जाडं, पुठ्ठा निसटलेलं पुस्तक घेऊन आला. घरातला सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणि भजनाच्या जुन्या कॅसेटी पिशवीत घालून मोटारीवर न्यायला लागला. लाईट गेली की मोटार बंद, आणि लाईट तर रोजच जायची. मग तो पंपघराच्या पायरीवर बसून दोन बटणं एकदम दाबायचा आणि भजनावर वाचन चढवायचा. संध्याकाळी कॅसेट शालनच्या उशाशी.

पुस्तक होतं एका चोराचं. हा चोर घरात शिरला की आधी चुलीपुढं बसून उरलंसुरलं जेवायचा, मग घरातली सगळी खरकटी भांडी घासायचा, आणि मगच चोरी करायचा. होता होता गावोगावच्या बायका रात्री भांडी तशीच ठेवून, कडी न लावता झोपायला लागल्या. धनाजीला हे वाचता वाचता हसू आवरायचं नाही. जोडाक्षरापाशी अडखळायचा, मागं जाऊन पुन्हा वाचायचा, मध्येच म्हणायचा, "शालन, ह्यो चोर आपल्याकडं यायला पायजे गं, आईचा त्रास वाचंल." मागं नदीचं पाणी, टिटवी, कुणाच्या तरी म्हशी. असल्या अडखळत्या वाचनाला शालनचं मन चिकटलं. कळ आली की ती बटण दाबून त्याला थांबवायची, ओसरली की सोडायची. दुखत होतं तेवढंच दुखायचं, पण दिवसाला काहीतरी चव आली होती.

ते शहाण्णव साल. भाद्रपदात नदीला पाणी होतं, मोटारीच्या पाणी ओढणाऱ्या फूटव्हॉलला गाळकचरा बसला, तो काढायला धनाजी जॅकवेलमध्ये, पंपघराखालच्या खोल विहिरीत, उतरला. याआधी किती वेळा उतरला होता. या वेळी वर आला नाही.

शालनचं काय झालं ते सांगू नये. तिला ऊर बडवायलासुद्धा कंबरेनं साथ दिली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

दहाव्याला सगळे घाटावर गेले. शालन घरीच. तिथं काय झालं ते तिच्या दिरानं, नानासोनं, आल्यावर सांगितलं. पिंड ठेवला, कावळे झाडावर येऊन बसले, पण एकही शिवेना. ऊन चढलं. म्हाताऱ्या माणसांनी एकेक बोलून बघितलं. तुझ्या आईला बघू. बायकोला अंतर देणार न्हाई. तिला परत मिरजेला दावू. कावळे बघतायत नुसते. शेवटी नानासो रडकुंडीला आला आणि तोंडाला येईल ते बोलला.

"म्हनलं, दादा, वैनीचं पुस्तक पुरं करू. आन वैनी, तोंडातनं शब्द निघायचा अवकाश, झडपच घातली कावळ्यानं."

आपल्या माणसाचा जीव चोराच्या गोष्टीत अडकला होता, हे ऐकून शालननं उशाशी ठेवलेल्या कॅसेटी चाचपल्या.

नानासो शब्दाला जागणारा. पंपघरातनं त्यानं टेप आणि पुस्तक आणलं. धनाजी थांबला होता त्या पानाचा कोपरा मुडपलेला होता, चोर पोलीस पाटलाच्या स्वयंपाकघरात अडकला होता तिथं. नानासो वहिनीच्या खाटेजवळ बसून वाचायला लागला. पण गडी डेअरीच्या गाडीच्या घाईतला, वाचणंही तसंच. दोन पानांत शालनच्या डोक्याचा पार चेंदा झाला.

"ऱ्हाऊ द्या भावजी."

"आवं, मी कबूल झालोय तितं."

"ऱ्हाऊ द्या म्हनते न्हवं. हुईल सवडीनं."

पाहुणे पांगले. घरात सासूसुना दोघीच उरल्या. मग एका दुपारी शालननं शेवटची कॅसेट लावली. धनाजीचा आवाज आला आणि तिनं पदराचा बोळा तोंडात घातला. तो अडखळला, हसला, टिटवी ओरडली, आणि पोलीस पाटलाच्या स्वयंपाकघरापाशी फीत संपली. तिनं कॅसेट उलटी केली. त्या बाजूला भजन होतं, तिला पक्कं माहीत होतं. नानासोच टाळ वाजवत होता त्यात. तेवढंच कानावर काहीतरी पडेल म्हणून तिनं बटण दाबलं.

"तर पाटलीन जागी झाली," धनाजी म्हणाला, "आन तिनं चोराला इचारलं, कढई घासली का?"

शालननं पुस्तक ओढून घेतलं. मुडपलेल्या पानाच्या पुढचंच पान होतं ते. तिनं मनाशी हिशेब घातला. पान आधी मुडपून ठेवलं असेल आणि मग पुढं वाचलं असेल. लाईट बराच वेळ गेली असेल. बारावी शिकलेली बाई, दुसरं काय म्हणणार?

मग कळ आली, आणि तो थांबला. तिचा हात बटणापर्यंत पोचलाच नव्हता. फीत फिरत होती, आवाज नव्हता. कळ ओसरली तसं त्यानं पुढचं वाक्य उचललं. सेल उतरले असतील, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी नवे सेल घातले. तरी तेच. मध्येच तिचं मन भरकटायचं, आणि तो म्हणायचा, "परत वाचतो." आणि नेमकी हुकलेलीच ओळ परत यायची.

आता तिनं हिशेब घालणंच सोडलं. एवढ्या पानांना ती फीत पुरायची नाही, हे काय तिला कळत नव्हतं? पण नवल असं की तो वाचत असला की कंबर हलकी व्हायची. मिरजेच्या गोळीनं जे कधी झालं नाही, ते व्हायचं. ती जेवू लागली. उठून बसू लागली. आणि पुस्तक संपू नये म्हणून रोज थोडंथोडंच ऐकू लागली. एखादं पान. कधी अर्धंच. पुस्तक संपलं म्हणजे काय होणार, हे तिला न सांगता कळलं होतं. तिला तो अजून हवा होता. यात तिचं काय चुकलं, सांगा.

राहीबाई एकदा चहा घेऊन आली. ल्योकाचा आवाज ऐकून कप हातात तसाच धरून उंबऱ्याशी बसली. म्हातारीच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. बराच वेळ ऐकून म्हणाली,

"दम का लागतुया गं त्येला?"

"आत्ती, टेप जुना हाय."

"न्हाई. दम लागतुया. ल्हानपनी डव्हात बुड्या मारायचा, तवा वर आल्यावर असाच बोलायचा."

चहा गार झाला. शालननं टेप बंद केला. सासू मागच्या दारी गेल्यावर पुन्हा लावला, कान अगदी जवळ नेला.

टिटवी नव्हती. म्हशी नव्हत्या. काठावरचा एकही आवाज नव्हता.

एक मोठा श्वास. मग एक वाक्य. वाक्याच्या शेवटाशी आवाज बुडत गेल्यासारखा व्हायचा. मग काहीच नाही. तिची कळ थांबेपर्यंत काहीच नाही. मग पाणी ढवळल्याचा आवाज, आणि पुन्हा तो श्वास.

आपण थांबवतो तेव्हा तो कुठं थांबतो, हे तिला त्या दिवशी कळलं. अर्धं पान ऐकून ती समाधानानं झोपत होती, आणि पुढच्या दुपारपर्यंत तो तिथंच.

त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं गोळी घेतली नाही. गोळीनं झोप आली असती. राहीबाईला ती म्हणाली, "आत्ती, वाईच पडा तुमी." मग टेप उशीवर घेतला. आज पुरं करायचं. उरलेली सगळी पानं.

श्वास. "तर चोर म्हातारा झाला..."

कळ आली. सुरीनं चिरावं तशी. तो थांबला.

"न्हाई दुखत," शालन म्हणाली. "वाचा तुमी."

फीत फिरत राहिली.

"खरंच न्हाई दुखत ओ. वाचा की."

तो वाचू लागला. तिनं खाटेची कड दोन्ही हातांनी धरली. ओठ दातांत धरला, तिथं रक्त आलं. आवाज काढायचा नाही. ऐकलं तर तो थांबेल.

म्हातारा चोर एका घरात शिरला. तिथं एकही भांडं खरकटं नव्हतं. घरात बरेच दिवस चूलच पेटलेली नव्हती. कोपऱ्यात एक बाई पडून होती.

श्वास. पाणी.

चोरानं चूल पेटवली. भाकरी केली. बाईला उठवून जेवू घातलं.

"दुखत न्हाई," ती म्हणत होती. "वाचा. वाचा."

"आन त्या घरातनं," धनाजी सावकाश म्हणाला, एकेक अक्षर लावत, "चोर परत गेलाच न्हाई."

मग म्हणाला, "संपलं."

शालनच्या तोंडातनं हुंदका फुटला. "जावा आता," ती म्हणाली. "जावा तुमी. माजं मी बघते. जावा."

फीत फिरत होती. आवाज नव्हता. गेला, असं तिला वाटलं.

मग पाणी ढवळलं. तो मोठा श्वास आला.

"खोटं बोलाय येत न्हाई तुला," धनाजी म्हणाला. "लय दुखतंय न्हवं? दुसरं आन."

सकाळी नानासो डेअरीला निघताना डोकावला. शालन उठून बसली होती, केस विंचरत होती. चेहरा कसा टवटवीत.

"पुरं झालं पुस्तक, वैनी?"

"झालं."

नानासोनं नदीच्या दिशेला हात जोडले. "सुटला म्हनायचा दादा." डोळे पुसून त्यानं पुस्तक पिशवीत घातलं. "उंब्रजला जातोय, वाचनालयात देऊन टाकतो."

शालन कंगव्यातला गुंता काढत राहिली. नानासो पायरीपर्यंत गेला, तेव्हा तिनं हाक मारली.

"भावजी, येताना दुसरं आना एक."

"कसलं आनू?"

"कसलंबी चालंल," शालन म्हणाली. "पर चांगलं जाडजूड बगा."