चालत शिकणारी लेक

"खाली बस! एकदा तरी धड एका जागी बसून जेव!"

मार्लिसचा आवाज इतका कडाडला, की चौदा वर्षांच्या ब्रिनच्या हातून वाडगा निसटला आणि गरम सूप थेट आजीच्या मांडीवर सांडलं!

"मी मुद्दाम नाही केलं..." ब्रिन कशीबशी म्हणाली आणि धावत जिना चढून गेली.

"पोरीला काय बोलायचं?" मांडी पुसत मार्लिस मुलाकडे वळली. "हिची आईच तिला घेऊन दिवसभर सरोवराकाठी भटकते. तू बोटीवर मर मर राबतोस, ड्वेन, आणि इथे हे लाड!"

करीनने आशेने नवऱ्याकडे पाहिलं. सरोवर गोठलं, मालवाहू बोटी धक्क्याला लागल्या आणि कित्येक महिन्यांनी तो कालच डलूथला घरी आला होता. त्याचा एक शब्द... फक्त एक शब्द तिला हवा होता!

"आई काही चुकीचं बोलत नाही, करीन," तो म्हणाला. "फार डोक्यावर बसवलंयस तू तिला. उद्यापासून तिचा अभ्यास मी घेईन."

ब्रिनचं चित्त एका जागी ठरत नाही, अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे नाचतात, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाच करीनने जिवापाड आवडणारी नर्सची नोकरी सोडली होती. बसवलं की पोर गुदमरते, पण चालता चालता ऐकलेलं तिच्या मनात खोल उतरतं, हे किती अश्रूंनंतर त्या माउलीला उमगलं होतं! म्हणून तर बोचऱ्या वाऱ्यात मोठ्याने धडे वाचत ती लेकीबरोबर चालत असे... पण हे ऐकून घ्यायला होतं कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्वेनने ब्रिनला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालता घालता करीन कान देऊन ऐकत होती.

"पाय हलवू नकोस... हाच शब्द आत्ता वाचलास ना?"

"तेव्हा तो वेगळा दिसत होता, डॅड!"

"थापा मारू नकोस! मूर्ख आहेस का तू?"

आणि धाडकन दार आपटल्याचा आवाज! ब्रिन कोट न घालताच बाहेर पळाली होती.

करीन तिचा कोट घेऊन धावली, मागोमाग ड्वेनही. काठावरच्या वाटेने ब्रिन भरभर चालत होती, मुठीने स्वतःच्याच कपाळावर मारत होती. "मूर्ख... मूर्ख..."

करीनने तिला अडवलं नाही. खांद्यांवर कोट टाकून ती लेकीच्या पावलाशी पाऊल जुळवत हळूच म्हणाली, "हिमनदी मागे सरली, तेव्हा काय उरलं गं?"

बराच वेळ नुसते हुंदके. मग ब्रिन म्हणाली, "खड्डे... प्रचंड खड्डे. बर्फ वितळून त्यांत पाणी भरलं, मॉम. हे आपलं सरोवर तसंच झालं..." आणि मग ती बोलतच राहिली. टेबलाशी ज्या धड्याची एक ओळ तिला वाचता आली नव्हती, तो सगळा धडा तिच्या तोंडून झुळझुळत होता!

मागून येणाऱ्या ड्वेनचे डोळे भरून आले. "ब्रिन... मूर्ख मी आहे, बाळा."

"आहेसच," नाक ओढत ब्रिन म्हणाली. "आणि शिकवतोसही किती रटाळ!"

तो रडता रडता हसला. "करीन, मी नाही जात पुन्हा बोटीवर. तू तुझ्या इस्पितळात परत जा."

"बोट नको सोडूस रे! हिवाळाभर हिच्याबरोबर चाल... आणि माझ्यावर दोष येतो ना, तेव्हा गप्प बसू नकोस. एवढंच दे मला!"

घराच्या दारात मार्लिस उभी होती. "एवढ्या गारठ्यात पुन्हा पोरीला हिंडवलंस?"

"ती शिकत होती, आई," ड्वेन ठामपणे म्हणाला. "मी माझ्या कानांनी ऐकलं. यापुढे करीनला कुणी बोल लावायचा नाही. मीही नाही आणि तूही नाहीस."

मार्लिसने नातीकडे पाहिलं, मग सुनेच्या थकलेल्या, वाऱ्याने लाल झालेल्या चेहऱ्याकडे... जणू इतक्या वर्षांत तो चेहरा तिने आज प्रथमच पाहिला! ब्रिनचे हात तिने आपल्या उबदार हातांत घेऊन चोळले. मग सुनेकडे वळून ती अडखळत म्हणाली, "तुझेही दे इकडे... किती गारठलेत, पोरी!"

आणि इतकी वर्षं कुणापुढेही न रडलेल्या करीनला हुंदका आवरला नाही.