वनाचा वाटा

घर बघायला निघालेला माणूस नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतो, शाळा किती लांब आहे ते विचारतो, भिंतीवर बोटानं टकटक करून बघतो. पायाखालची जमीन आधी कुणाची होती, हे विचारायचं काही त्याच्या डोक्यात येत नाही. योगराजच्याही आलं नाही. त्याला दोष तरी काय द्यायचा बापा, मला-तुम्हाला तरी कुठं सुचलं असतं.

योगराज सावद्याचा. केळीवाल्याच्या घरात वाढलेला, पण मळा हिश्श्याहिश्श्यांत इतका बारीक झाला की त्यानं जळगावच्या एमआयडीसीत पाइपाच्या कारखान्यात नोकरी धरली. पहाटे मोटारसायकलला किक मारायची ती दिवेलागणीनंतर परत. एका रविवारी त्याची पोरगी मयुरी, पहिलीतली, आईला म्हणाली, पप्पा आज पाहुणे म्हणून आले का? ती सहज बोलून गेली, पण योगराजच्या हातातला घास हातातच राहिला. त्यानं त्याच दिवशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, पोरगी आणि आपण एका छपराखाली राहायचं.

मग सुरू झाली वणवण. जळगावात ऐन गावात घर घ्यायचं म्हणजे आपल्यासारख्यानं नुसतं बघून पाणी प्यायचं. कुणी म्हणालं बोदवडला घे, स्वस्त मिळंल, स्टेशनही आहे. पण तिथून पुन्हा तेच हेलपाटे, मग सावदा काय वाईट होतं? शेवटी लीलाधर नावाचा एक एजंट भेटला. कानात अत्तराचा फाया आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याच्या दाढा दुखाव्यात. त्यानं शहराबाहेरची एक नवी वसाहत दाखवली, श्रीनिवास नगर. जुन्या केळीच्या मळ्यावर प्लॉट पाडलेले, ओळीनं घरं, कारखाना हाकेच्या अंतरावर, शाळेची गाडी दारात. शेवटच्या घराचा भाव मात्र बाकीच्यांच्या निम्मा. योगराजनं कारण विचारलं तर लीलाधर म्हणाला, कडेचं घर आहे, मागं नाला आहे, लोकांना डास चावतात. योगराज हसला. आयुष्य केळीत गेलेल्या माणसाला डासाचं काय भय दाखवता?

उन्हाळ्यात ते राहायला आले. योगराज, बायको कामिनी, मयुरी आणि योगराजची आई धुरपदाबाई. सावद्याचे भाऊबंद रुसले. बापाचं गाव सोडून शहराच्या उकिरड्यावर चालला, असं चुलते म्हणाले आणि वास्तूला एकही आला नाही. धुरपदाबाईला ते फार लागलं. पण मयुरी रोज संध्याकाळी बापाच्या गाडीच्या टाकीवर बसून वसाहतीला एक फेरी मारायची, ते बघून म्हातारीही निवळली.

श्रावणात कानबाई बसवली. खानदेशातल्या माणसाला सांगायला नको, पण तुम्ही बाहेरचे असाल तर ऐका. नारळाला नथ घालून देवी मांडतात, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू मोजून घेतात, त्या गव्हाचे रोट करतात. आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. लेक परक्या घरी दिली की तिलाही नाही. उरले तर दुसऱ्या दिवशी घरच्यांनीच संपवायचे. रोट खाल्ला तो भाऊबंद, इतकं ते सरळ आहे.

सावद्याहून कुणी आलं नाही. सोमवारी देवी बोळवून झाली, आणि दुपारी चौघं उरलेला रोट चावत बसली होती, तेव्हा मागच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. धोतर, उघडं अंग, गळ्याला उपरणं घट्ट गुंडाळलेलं. अंगाला केळीच्या कुजक्या खुंटाचा वास. योगराजला तो वास घरचाच वाटला. माणूस म्हणाला, भूक लागनी भाऊ. कुठले तुम्ही, असं विचारल्यावर म्हणाला, "मी आठलाच शे. वना."

इथलाच आहे म्हणतोय, म्हणून कामिनी भाकरी टाकायला उठली. पण त्या माणसाची नजर रोटावर. धुरपदाबाईनं ताट पदराखाली ओढलं आणि हळूच म्हणाली, "योग्या, भाऊबंदाबाहेर देत नही बापा."

आता बघा माणसाची बुद्धी कशी फिरते. दोन दिवस योगराजच्या मनात एकच सल होता, आपल्या देवीला आपला एक माणूस आला नाही. समोर आपल्यासारखाच केळीतला माणूस उभा. योगराजनं आईच्या पदराखालचं ताट काढलं आणि म्हणाला, "सख्ख्यांनी तोंड फिरवलं, आई. हाच आपला भाऊबंद समजायचा. बसा भाऊ." कुलदेवीच्या चौरंगासमोर, हळदी-कुंकू अजून ओलं असताना म्हणाला. वना बसला आणि शेवटच्या कणापर्यंत सगळा रोट खाल्ला. उठताना त्यानं घराच्या चारी भिंतींवरून डोळे फिरवले. मग मयुरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नाल्याकडे निघून गेला.

मंगळवारी दुपारी माजघरातली बाज मधोमध दुभंगली. मोडली नाही, कापली. लाकूड, नवार, सगळं एका रेषेत. एक तुकडा जागेवर आणि दुसरा नाहीच. योगराजला वाटलं, चोर. पण अर्धी बाज चोरणारा चोर कुणी बघितलाय? मग पितळी हंडा. मग कामिनीच्या लग्नातला शालू, उभा चिरलेला, एक काठ उरलेला आणि दुसरा गायब. दर वेळी भरदुपारी, योगराज कामावर असताना. कामिनी दार लावून मयुरीला कुशीत घेऊन बसायची आणि आतल्या खोलीत कुणीतरी शांतपणे सामान हलवतंय असा आवाज ऐकत राहायची.

शुक्रवारी मयुरीनं पाळलेलं कुत्र्याचं पिल्लू. ते मी सांगत नाही. एवढंच सांगतो, की तेही अर्धंच सापडलं.

मग शेजारच्या ओळीतल्या मंदाबाईनं तोंड उघडलं. आधी का नाही सांगितलं, म्हणून कामिनी तिच्यावर धावून गेली. मंदाबाई म्हणाली, घर घेतल्यावर सांगून काय उपयोग होता? हा मळा दोन भावांचा. वाटणीच्या दिवशी थोरल्यानं धाकट्याला, वनाला, केळीतच गाठलं, घड कापायच्या कोयत्यानं मानेवर घाव घालून मारलं आणि तिथंच खुंटाखाली पुरलं. पुढं थोरल्याचा अख्खा वंश खपला आणि जमीन प्लॉटवाल्याच्या हाती गेली. वनाला वाटा मिळाला नाही. ज्याच्याकडं मागायचा असा भाऊबंदच उरला नव्हता, म्हणून इतकी वर्षं तो गप्प होता.

योगराजनं ते ऐकलं. रोट खाऊ घालून आपण काय करून बसलो ते त्याला लख्ख कळलं. कर्ज गेलं खड्ड्यात, असं म्हणून त्यानं रविवारी सकाळचा टेम्पो सांगितला. शनिवारी सांजवेळी चौघं बोचकी बांधत होते. वीज गेलेली. धुरपदाबाईनं देवापुढचा दिवा मध्यात आणून ठेवला होता. कुजक्या खुंटाचा वास आधी आला, आणि मग तो.

या वेळी पुढच्या दारानं आला, घरचा माणूस येतो तसा. गळ्याचं उपरणं सोडून त्यानं खांद्यावर टाकलं. मान एका बाजूनं उघडी होती, आत काळं, आणि बोलताना तिथून वारा यायचा.

"मना वाटा काढ, भाऊ..."

योगराज आडवा गेला. वनानं नुसता हात झटकला, तर योगराज भिंतीवर जाऊन आदळला. कानातून रक्त आलं. कामिनी मयुरीला ओढायला धावली, तिला त्यानं केसांना धरून जमिनीवर आपटली, एकदा आणि पुन्हा. तिचा वरचा ओठ फाटून दात दिसायला लागले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मळ्यात काम करणारा माणूस आडवी आलेली पानं बाजूला करतो तसं त्यानं सगळ्यांना बाजूला केलं. मग एकेका वस्तूवर बोट ठेवत, हे माझं, हे तुझं करत निघाला. "हाई मनं... हाई तुनं... हाई मनं..." बोट फिरत फिरत मयुरीपाशी आलं आणि थांबलं. त्यानं तिची वेणी मुठीत धरली.

आणि तेव्हा धुरपदाबाई उठली. गुडघे दुखतात म्हणून एरवी भिंत धरून उठणारी बाई, सरळ उभी राहिली.

"पोरीले सोड," ती म्हणाली. "वाटणीत मायबी वाटली जाते. मी येते तुह्या वाट्याले."

खोटं नव्हतं ते. आपल्याकडं भाऊ वेगळे झाले की बाप एकाकडे, माय एकाकडे, हे ठरलेलंच. वनानं तिच्याकडे खूप वेळ बघितलं. मग वेणी सोडली. म्हातारीचा हात हातात घेतला, अगदी जपून, आंधळ्या आईला जत्रेत न्यावं तसं, आणि दाराकडे वळला. धुरपदाबाईनं मागं बघितलं नाही.

इथं योगराज गप्प राहिला असता तर. पण आई डोळ्यांदेखत चाललीय आणि लेकानं बघत बसायचं? कुणाच्यानं होईल? त्यानं बोचक्यातून केळीचा घड कापायचा कोयता उपसला आणि अंगातली सगळी ताकद लावून वनाच्या उघड्या मानेवर घातला. कोयता धुरातून जावा तसा वनातून गेला. आणि पलीकडे धुरपदाबाईच्या खांद्यात रुतला, गळ्यापर्यंत.

दिव्यावर रक्ताची चिळकांडी आली, तरी तो विझला नाही. म्हातारी खाली बसली, मग आडवी झाली. वना तिच्याशेजारी मांडी घालून बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं, डोळे मिटले. रडला म्हणतात. योगराज तरी तसंच सांगतो. मग त्यानं मान वर केली.

"मना वाटानी माय तू मारी टाकी," वना म्हणाला. "आते मना वाटामा काय शे?"

आणि तो मयुरीकडे बघू लागला. कामिनीनं फाटक्या तोंडानं पोरीला उचललं आणि अंधारात जी पळाली ती मंदाबाईच्या दारातच कोसळली.

लोक आले तेव्हा घरात दोनच माणसं होती. एक मेलेली आणि एक हातात कोयता धरलेला. पोलिसांना योगराजनं खरं ते सगळं सांगितलं. त्याचा काय उपयोग होणार होता? फौजदार म्हणाला, बाहेरचा माणूस आला होता तर चिखलात त्याची पावलं का नाहीत? वकिलानं त्याला वेडा ठरवायचा प्रयत्न केला. योगराजला त्याचं काही नव्हतं. त्याला एकच घोर, पोर सुखरूप आहे ना.

दिवाळीनंतर कामिनी तुरुंगात भेटायला आली. ओठ शिवलेला, बोलणं थोडं तिरकं. जाळीच्या पलीकडून तिनं सांगितलं, सावद्याला जुन्या घरी राहतोय, चुलत्यांनीही राग सोडला, मयुरीला शाळेत घातलं, जेवते-खाते, रात्री झोपते. दुपारी आवाज येत नाहीत. योगराजच्या छातीवरचं ओझं पहिल्यांदा हललं. त्यानं जाळीला नाक लावून पोरीकडे डोळे भरून बघितलं.

मयुरी आईच्या शेजारी उभी होती. तिचा डावा हात खांद्याच्या उंचीला उचललेला होता आणि मूठ मिटलेली, उंच माणसाचं बोट धरून चालताना पोरांचा हात असतो तसा. कामिनीचं तिकडे लक्ष नव्हतं. योगराजला वाटलं, पोरगी काहीतरी मागतेय.

"हात दुखंल ना बाळा," तो म्हणाला. "खाली घे."

"काका सोडतच नाही," मयुरी म्हणाली.

कामिनीनं पोरीचा उजवा हात दोन्ही हातांनी धरला आणि जीव खाऊन आपल्याकडे ओढला. मयुरी जागची हलली नाही.