चिरेखाणीतला ब्रेक

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मावसबहीण आहे, आणि खोटं बोलणं तिला या जन्मात जमलेलं नाही. लहानपणी शेजारच्या बागेत हापूस पाडताना आम्ही सापडलो की मी सबबी शोधायचो, ती सरळ कबूल करून मोकळी व्हायची.

या गोष्टीत रात्र नाही. अमावास्या नाही.

घडलं ते मार्च महिन्यातल्या भर दुपारी. आचरा गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जांभ्याचे चिरे काढायच्या आणि आता बंद पडलेल्या एका चिरेखाणीत.

तिचं नाव तेजस्वी. कणकवलीत तिच्या वडिलांचं गाड्यांच्या ब्रेकना लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारा थर, बसवायचं दुकान आहे. जळक्या लायनरच्या वासात ती लहानाची मोठी झाली. डिप्लोमा केला, आणि नाद लागला ट्रायल्स सायकलचा.

ही सायकल शर्यतीची नव्हे. तिला बसायला सीटच नसते. उभं राहूनच चालवायची. दगडावरून दगडावर उड्या मारायच्या, मागच्या एका चाकावर तोल धरून कड्याच्या टोकाशी थांबायचं. सगळा खेळ ब्रेकचा. ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी खिळलं पाहिजे. केसभर जरी सरकलं तरी माणूस खाली.

तिचा मित्र सुशांत असाच खाली गेला होता. चाक धरून ठेवणारं ब्रेकचं पॅड महागातलं, बाहेरून मागवलेलं. चाक ओलं होतं, पॅड निसटलं. सुशांतचा उजवा गुडघा तेव्हापासून वाकत नाही.

त्याच आठवड्यात तेजस्वी दुकानाच्या मागच्या शेडमध्ये शिरली आणि स्वतःचं पॅड बनवायला लागली. काजूच्या टरफलांच्या तेलाची राळ, करवंटीची भुकटी, पितळेचा कीस. साच्यात घालायचं, दाबायचं, भट्टीत भाजायचं. घरचे म्हणाले, आता पुरे झाला हा खेळ. ती म्हणाली, "खेळ पुरे झालो नाय, पॅड चुकीचा होता."

नवीन पॅड तपासायला खाण हवी होती. जांभा कापून कापून तिथे पायऱ्यांसारखे टप्पे झाले होते. वरून एक लांब उतार थेट तळाशी जायचा आणि तळात हिरवंगार खोल पाणी होतं. कोरडं हवं तर कोरडं, ओलं हवं तर ओलं.

खाणीचे मालक हरिश्चंद्र. परवानगी त्यांनी लगेच दिली. फक्त निघताना म्हणाले,

"व्हया तितक्या खेळा. पण सूर्य माथ्यार येवच्या आधी भायर पडा."

"कित्या?"

"ऊन लागता," ते म्हणाले, आणि दुसरीकडे बघायला लागले.

पहिल्या दिवशी ती आणि सुशांत दोघेच होते. तो वरच्या टप्प्यावर मोबाईल घेऊन चित्रण करत होता. पहिलं पॅड डुकरासारखं किंचाळलं. दुसरं ओल्यात घसरलं. मग तिने तिसरं लावलं. काजूच्या राळेचं.

तिने उडी मारली. ब्रेक दाबला.

चाक खिळलं.

ना किंचाळणं, ना खरखर. काहीच आवाज नाही. नुसता भाजक्या काजूचा मंद वास.

तिने वर बघून अंगठा उंचावला. ऊन एव्हाना डोक्यावर आलं होतं. आणि मग तिच्या लक्षात आलं...

खाणीत कशाचाच आवाज नव्हता.

पाण्यावरचे चतुर गेले होते. मघापासून ओरडणारा भारद्वाज गप्प. वारा होता, गवत हलत होतं, पण त्याची सळसळ ऐकू येत नव्हती.

आणि मग...

वरून, उताराच्या तोंडाकडून, ब्रेकचा आवाज आला.

सायकलचा नव्हे. मोठ्या गाडीचा. लोखंडावर लोखंड घासत येणारा, दात आंबवणारा आवाज. तो उतारावरून खाली यायला लागला... जवळ... आणखी जवळ...

"गाडी येता काय गो?" सुशांत वरून ओरडला.

"रस्तो बंद आसा. गाडी खंयसून येतली?"

उतार रिकामा होता. लाल मातीवर उन्हाची झळ हलत होती, बाकी काही नाही.

आवाज पाण्याच्या काठापर्यंत आला.

आणि तुटला.

धडक ऐकू यायला हवी होती. पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज यायला हवा होता. काहीच आलं नाही.

"तेजू, चल. सामान भर."

"थांब," ती म्हणाली. "वास घे."

जळक्या लायनरचा वास होता. उग्र, घशात बसणारा. तिच्या पॅडचा हा वास नव्हताच. ती चालत उतारावर गेली. सुशांत नको नको म्हणत होता तरी गेली. मातीवर एकाही चाकाची खूण नव्हती. वास मात्र वरच्या टोकापासून खालपर्यंत सारखा होता. कुठे तुटलेला नव्हता.

खाणीच्या फाट्यावर यशोदाकाकीचं चहाचं खोपटं आहे. दोघं तिथे थांबले. काकीने त्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आयकलात मा तुमी?"

सुशांतने मान हलवली.

"शंकराचो डंपर तो," ती म्हणाली. "माझो घोव."

तिचा नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. रिकामा डंपर घेऊन शंकर दुपारचा खाली चालला होता, चिरे भरायला. डंपर थांबलाच नाही. सरळ पाण्यात गेला. गाडी काढली. माणूस सापडला नाही.

"मालकान पोलिसांक सांगल्यान, दारू पियान झोपलेलो. ब्रेकार पाय पण ठेवक नाय म्हणान." काकी गाळणं झटकत होती. "जल्मात थेंब घेवक नाय तेना. पण कोण आयकता? दारुड्याची बायल म्हणतत माका अजून."

गाळणं खुंटीला अडकवून ती म्हणाली,

"गुराख्यांक आवाज येता. लाकडा आणूक जातत त्यांका येता. म्हणान खाण बंद पडली. माका मात्र एकदाव येवक नाय. इतकी वर्सां हय बसान आसंय."

तेजस्वीने चहा संपवला.

"काकी, उद्या आमी परत जातलंव."

काकीने रिकामे पेले उचलले.

रात्रभर सुशांत फोन करत होता. जाऊ नको. आणखी खाणी आहेत. देवगडला आहेत, कुडाळला आहेत. "माझो पाय गेलो तो पुरे नाय काय?"

"तुझो पाय गेलो म्हणानच जातंय," ती म्हणाली. "माझो ब्रेक खंय धरता ता माका बघूचा आसा. भूत आसा म्हणान मी जागा बदलूचंय नाय."

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम उशिरा निघाली. ऊन माथ्यावर यायच्या बेताला. सुशांत कुरकुरत बरोबर आलाच.

तिने काजूच्या राळेचं कोरं पॅड चढवलं, पुढे आणि मागे. उताराच्या पायथ्याशी, पाण्याला लागून एक टप्पा होता. शेवाळाने हिरवा झालेला. तिने त्यावर बादलीभर पाणी ओतलं. ओल्या कडेवर मागच्या चाकावर तोल धरायचा, ही तिची शेवटची परीक्षा होती. पाठीमागे उतार, समोर पाणी.

ती चढली. पुढचं चाक उचललं. दोन्ही ब्रेक दाबले.

चाक खिळलं.

वारा थांबला... गवताचा आवाज गेला... पाण्यातल्या बेडक्या गप्प झाल्या.

तिला माहीत होतं. तिने मागे बघितलं नाही.

वरून तो आवाज सुरू झाला.

आज तो जास्त मोठा होता. उताराच्या मधोमध आला... पायथ्याशी आला... तिच्या पाठीच्या मणक्यात शिरावा इतका जवळ आला. सुशांत वरून काहीतरी ओरडत होता. त्याचं तोंड हललेलं दिसत होतं, शब्द येत नव्हते.

उडी मारून बाजूला होता आलं असतं. तिने दात आवळले आणि ब्रेक आणखी दाबले.

आवाज तिच्यापर्यंत पोचला.

आणि तुटला नाही... थांबला.

मग सायकल मागून खचली.

कोणीतरी बसावं तशी. जिला सीटच नाही, त्या सायकलवर. तिचं टायर दगडावर चपटं झालं. हाताच्या शिरा ताणल्या. जळक्या लायनरचा आणि ओल्या मातीचा वास तिच्या मानेपाशी होता, आणि कोणाचा तरी श्वास... धाप लागलेल्या माणसाचा.

चाकाखालचा दगड ओला होता. एक इंच सरकली असती तर दोघंही पाण्यात होती.

तिची बोटं बधिर झाली. भीती वाटत नव्हती असं ती म्हणत नाही. भीती होतीच. पण त्याहून जास्त राग होता. इतकी वर्षं एका माणसाला कोणी थांबवू शकलं नाही याचा.

"उतराचा आसात तर उतार," ती मोठ्याने म्हणाली. "नायतर बस. मी ब्रेक सोडूचंय नाय."

किती वेळ गेला ते तिला सांगता येत नाही. सुशांतही सांगू शकत नाही. त्याच्या मोबाईलवर त्या वेळचं चित्रण आहे, पण सगळं पांढरं. उन्हात भिंत दिसावी तसं.

हळूहळू टायर फुगत वर आलं.

कुठेतरी भारद्वाज ओरडला.

तिने पाय टेकले. सुशांत वाकत नसलेला पाय ओढत टप्पे उतरून आला. त्याने मागच्या डिस्कला, म्हणजे पॅड जिला घट्ट धरतं त्या चकतीला, हात लावला आणि झटकन मागे घेतला. पोळला होता. डिस्क निळी पडली होती, लोखंड तापून पडतं तशी. तिने पॅड काढलं. मघाशीच बसवलेलं कोरं पॅड... त्याचा मसाला संपून मागची पत्र्याची पट्टी दिसत होती.

चाक एकदाही फिरलं नव्हतं.

मग पॅड झिजलं कशावर?

परत येताना खोपट्यापाशी हरिश्चंद्रांची मोटरसायकल उभी होती. त्यांना कोणीतरी कळवलं असावं.

"दुपारचा जाव नको म्हटलेलंय मी," ते बाकावरून उठत म्हणाले.

तेजस्वीने निळी पडलेली डिस्क चाकातून काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"शंकरान ब्रेकार पाय ठेवक नाय, असा सांगलात मा तुमी पोलिसांक?"

"मगे? झोपलेलो तो."

"झोपलेल्या माणसाचा लायनर जळाचा नाय. वरसून खालपर्यंत वास येता थंय. तेना पुऱ्या उतारार ब्रेक दाबलेलो. दाबून दाबून धरलेलो. तुमच्या डंपराचा लायनर पयलाच झिजलेला, उरलेला ता जळान गेला."

खोपट्यात आणखी दोघं-तिघं चहा पीत होते. कोणी पेला खाली ठेवला नाही, पण घोट घ्यायचे थांबले.

"तुका कोणी सांगल्यान ह्या?" हरिश्चंद्रांचा आवाज बारीक झाला होता.

"जेका म्हायत, तेना."

त्यांनी डिस्क परत तिच्याकडे सरकवली आणि ते बाहेर पडले. मग मोटरसायकलला किक मारून निघून गेले. त्यांना पुन्हा त्या फाट्यावर आलेलं कोणी पाहिलं नाही. एवढं मात्र खरं, की गावात काकीला आता दारुड्याची बायको कोणी म्हणत नाही.

सगळे गेल्यावर यशोदाकाकी तेजस्वीजवळ येऊन बसली. तिने पदराला हात पुसले.

"आज माका आयकाक इलो," ती म्हणाली. "आवाज."

तेजस्वीने तिच्याकडे वळून बघितलं.

"लांबान इलो. आणि मगे... थांबलो. थांबलो मा गो?"

"थांबलो, काकी."

काकीने मान हलवली आणि उठून चुलीतली लाकडं पुढे सारली.

खाणीत आता आवाज येत नाही. गुराखी जातात. तेजस्वीही जाते. तिच्या पॅडला पुण्याच्या एका कारखान्याने होकार दिला आहे. त्यांच्या यंत्रावर तसंच पॅड महिनोन्महिने टिकलं. एका दुपारीत ते पत्र्यापर्यंत कसं झिजलं, याचं उत्तर तिथेही कोणाकडे नाही. तिने विचारलंही नाही म्हणा.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहायला बसलो नसतो.

गेल्या डिसेंबरात कणकवलीच्या मैदानावर तिने पोरांना सायकलचे खेळ करून दाखवले. मी अगदी पुढे उभा होतो. ती लोखंडी पिंपावर चढली, मागच्या चाकावर तोल धरला, ब्रेक दाबला. टाळ्या पडत होत्या.

आणि मी बघितलं...

मागचं टायर सावकाश चपटं झालं.

तिने मागे वळून बघितलं नाही. फक्त ओठ हलले. नंतर मी विचारलं, काय बोलत होतीस? तर शांतपणे हेल्मेट काढत म्हणाली,

"म्हटलंय, घट्ट धरून बस."

ती हसत नव्हती.

खेळ संपल्यावर सायकल माझ्या टेम्पोत चढवायची होती. ट्रायल्सची सायकल हलकी असते, एका हाताने उचलता येते. आजवर मीच उचलत आलो आहे.

त्या दिवशी आम्ही दोघं लागलो.