पूजेतला संगणक

म्हापशाच्या स्टँडवरून पेडण्याची बस सुटता सुटता गौरवीने दांडा पकडला, आणि आतल्या कुणीतरी हात देऊन तिला वर ओढलं. हात उंच, सावळ्या, हसऱ्या डोळ्यांच्या तरुणाचा होता.

"एवढी घाई? खंय आग लागली?"

"लागतली... धा वर्सांनी," ती धापा टाकत म्हणाली.

"म्हणान आजच धावतास?"

"होय. संगणकाची कुलपां बदलतंय मी."

तो मोठ्याने हसला. पेडण्यात दोघं एकाच इस्पितळापुढे उतरली, तेव्हा मात्र हसायची पाळी तिची होती. तो साईश. इस्पितळ त्याच्या दिवंगत वडिलांनी, विठ्ठल डॉक्टरांनी उभं केलेलं. कचेरी आता तो बघायचा. डिचोलीच्या गौरवीला तिथेच बोलावलं होतं.

काम सांगायला सोपं. संगणकातल्या रुग्णांच्या फायली सांकेतिक कुलपांत असतात, त्यामुळे आज चोरल्या तर चोराला वाचता येत नाहीत. पण तो त्या जपून ठेवतो. क्वांटम नावाचे अफाट ताकदीचे संगणक आले की आजची कुलपं पटापट उघडतील, आणि कुणाचं कुठलं दुखणं ते जगाला कळेल. म्हणून कुलपं आत्ताच बदलायची. त्याआधी प्रत्येक यंत्राची यादी करायची, ती तिसऱ्या शुक्रवारी विश्वस्तांपुढे ठेवायची. गौरवी घेतलेलं काम तडीस नेल्याशिवाय श्वास न घेणारी.

पंधरा दिवस दोघांनी खोल्या पालथ्या घातल्या. टेबलांखाली वायरी शोधताना डोकी आपटली, डब्यातले तांदळाचे पोळे वाटून खाल्ले, 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. आणि नोंदींपेक्षा एक यंत्र जास्तीचं निघालं. वायरीमागून जाता जाता गौरवी थेट कचेरीतल्या देव्हाऱ्याशी पोचली. तिथे झेंडूच्या माळेखाली एक जुनाट संगणक घरघरत होता.

"ह्यो मोजायचो नाय," साईश पुढे झाला. "ह्यो पूजेतलो. बाबांनी घेतलेलो पयलो. बाबा गेले, तेव्हापासून कोणी बंद करूंक नाय..."

"साईश, ह्याच्यात अठरा हजार माणसांची दुखणी आसत. जुन्या कुलपात. यादीत पयलो ह्योच येतलो."

"मगे माझ्याशी बोलू नको."

डिचोलीला जाताना ती बसमध्ये रडली. एक ओळ गाळली की साईश आपला, हे तिला कळत होतं. तिने ती ओळ सगळ्यात वर लिहिली.

शुक्रवारी विश्वस्त कचेरीतच जमले. अध्यक्ष सुविधाबाय, एकेकाळच्या इथल्याच नर्स, यादीची पहिली ओळ वाचून देव्हाऱ्याकडे बघू लागल्या. साईश दारात उभा होता, मान खाली घालून.

"गणपती आपण बंद करणव नाय," गौरवी त्याच्याकडेच बघत म्हणाली. "उत्तरपूजा करतो, मगेच हलवतो. ह्याचीव करूया. तुझ्या हातान."

साईशने मान वर केली. मग तो अक्षता घेऊन आला.

आधी फायली नव्या कुलपाच्या यंत्रात उतरल्या. दोन तास लागले, पण जागचं कुणी उठलं नाही. मग साईशने नमस्कार केला, अक्षता वाहिल्या, मूर्ती हलवतात तसा संगणक किंचित सरकवला आणि वायर काढली. घरघर थांबली. त्याचे डोळे भरून आले, आणि गौरवीने सरळ त्याचा हात धरला.

"माका एक सांगायचां आसा," तो पुटपुटला. "पण... सवडीन."

"सवडीन म्हणणारेच बुडतत. आता सांग."

"हंय? सगळ्यांसमोर?"

"हंयच!"

"माका तू आवडतंस. माझ्यासाठी तू खोटी यादी केली असतीस... तर मी जल्मभर गप ऱ्हवलो असतंय."

सगळ्या विश्वस्तांना पुरून उरलेल्या गौरवीने यादी तोंडापुढे धरली.

"अगो, उत्तर दी त्येका!" सुविधाबाय ओरडल्या.

"माकाव तू आवडतंस," ती डोळे पुसत म्हणाली. "पण उद्या आठाक ये. अजून एकेचाळीस कुलपां बदलायची आसत."

तो साडेसातलाच हजर होता.