सात चाळीसचा सल्ला

शनिवारी सकाळी नऊ वाजता रेमेदियोस वांग्याची रोपं न्यायला मानांग कॉन्सोर्स्याच्या परसात शिरली आणि अर्ध्या वाटेतच थांबली. दुधीच्या मांडवाखाली, पाण्याच्या टाकीला लागून, मानांग आडवी पडली होती. डोक्याखालची माती काळी झाली होती.

रेमेदियोस ओरडली नाही. रोपांसाठी आणलेली टोपली तिनं खाली ठेवली आणि चौकीला फोन लावला.

सार्जंट विसितासियोन गुम्बान साडेनऊला पोचली. एप्रिलचं ऊन अंगावर येत होतं. इलोइलोच्या त्या गल्लीत घराघरामागे परस होतं. कुठे कारलं, कुठे चवळी, कुठे कुंपणाला झिनिया. कॉन्सोर्स्याला सगळी गल्ली मानांग, म्हणजे ताई, म्हणायची; तिचं परस सगळ्यांत मोठं होतं.

सार्जंट गुडघ्यावर बसली. टाकीच्या सिमेंटच्या कडेला केस चिकटलेले. दोन्ही दंडांवर बोटांचे निळसर वळ. जबडा ताठ, बोटंही ताठ. नखांत माती.

वरच्या मांडवावर पांढरी फुलं ओल्या कागदासारखी लोंबत होती.

सार्जंटला काहीच वाटलं नाही. फेब्रुवारीत नवरा गेला, नऊ दिवसांची प्रार्थना संपली आणि दहाव्या दिवशी ती कामावर आली. तेव्हापासून असंच चाललं होतं. डोळ्यांना दिसायचं, हाताला लिहिता यायचं. बाकी काही व्हायचं नाही.

"किती वेळ झाला असेल?" तिनं डॉक्टरना विचारलं.

"रात्र असेल, पहाट असेल," डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "या उष्म्यात ठामपणे नाही सांगता येणार."

"पहाट कशी असेल?" रेमेदियोस मध्येच म्हणाली. "सात चाळीसला तिचा निरोप आलाय की!"

तिनं फोन पुढे केला. गल्लीतल्या नऊ बागवाल्यांचा गट होता. कुणाचं पान पिवळं पडलं, कुणाच्या भेंडीला कीड लागली, की तिथे विचारायचं. सर्वांत जास्त उत्तरं दोघांची असत, मानांगची आणि गल्लीचा मानोंग, म्हणजे दादा, असलेल्या वेन्सेस्लाओची.

शेवटचा निरोप मानांगचा होता. वेळ सात चाळीस. फोटोत दुधीचं टवटवीत, पूर्ण उमललेलं पांढरं फूल होतं. त्यामागे बोटभर हिरवं फळ, आणि आड येणारं पान बाजूला धरलेला एक अंगठा. खाली लिहिलं होतं: "आज पहाटे उमललेलं मादी फूल. सकाळी सातच्या आत नर फुलाचे पराग लावा. उन्हाळ्यात फळ गळणार नाही."

आठ जणांनी आभार मानले होते.

मानांगचा फोन टाकीच्या तळाशी सापडला. तो कायमचा बंद पडला होता.

"फोनला कुलूप होतं?"

"छे! ती म्हणायची, माझ्या फोनात वांगी आणि दोडकेच आहेत, बघू दे की कुणालाही."

रेमेदियोसचे तळहात हिरवे-काळे होते. टोमॅटोच्या झाडांत वावरणाऱ्याचे होतात तसे.

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

"गुरुवारी. माझी सगळी कारली जळून गेली होती. मावा पडला म्हणून मानोंग वेन्सेस्लाओनं साबण आणि रॉकेल फवारायला सांगितलं. मीच प्रमाण चुकवलं असणार. मानांगनं तो निरोप दोनदा वाचला आणि म्हणाली, रविवारी बघते याचं."

"याचं म्हणजे कशाचं?"

"मी नाही विचारलं. जळक्या वेली उपटत होते मी."

घरात मानांगचा भाचा निकानोर झोपला होता. त्याला उठवावं लागलं. तो फेरीबोटीवर मेकॅनिक होता, हातांच्या रेघारेघांत ग्रीस. चौतीस वर्षांचा. आईबाप गेल्यावर मानांगनंच त्याला वाढवलं होतं.

"काल किती वाजता निघालास?"

"साडेपाचला. रात्रपाळी होती."

"परतलास?"

"सकाळी साडेसहाला. पुढच्या दारानं आलो आणि झोपलो. ती पहाटेपासून मागेच असते, मी बघत नाही."

"परसावरून भांडण होतं म्हणे तुमचं?"

निकानोर म्हणाला, "मी म्हणत होतो, अर्ध्या भागावर सिमेंट टाकू. मोटारसायकल दुरुस्तीचा धंदा काढतो. ती म्हणाली, मी मेल्यावर टाक." त्यानं ग्रीसचे हात पॅंटला पुसले. "असं बोलायचीच ती, मॅडम. रोज बोलायची."

दुपारपर्यंत चौकीच्या साहेबांनी निकानोरला कोठडीत टाकलं.

"सात चाळीसला बाई जिवंत, नऊला मेलेली. मधे घरात एकटा हाच," साहेब म्हणाले. "अजून काय पाहिजे?"

"बाईंचं अंग फार ताठ होतं, साहेब."

"मेलेल्या माणसाचं होतंच. सोमवारी आरोप दाखल करू."

सार्जंटनं कोपऱ्यावर बाचोयचा, शेवयांच्या सूपचा, वाडगा घेतला. गरम होतं एवढं कळलं, चव लागली नाही. मग ती गल्लीत परत गेली.

मानोंग वेन्सेस्लाओच्या फाटकापाशी झिनिया, मोगरा आणि इक्झोरा ओळीनं मांडले होते. सगळं फुललेलं. पिवळं पान एकही नव्हतं. साठीचा शांत माणूस. त्यानं कालामान्सी लिंबाचं सरबत पुढे केलं. पेला धरलेला हात गोरा, नखं नीट कापलेली.

"मी आठपासून चर्चमध्ये होतो," तो म्हणाला. "दहापर्यंत. प्रार्थनामंडळाच्या सगळ्यांनी पाहिलंय मला."

"मी अजून विचारलं नव्हतं, मानोंग."

"विचाराल म्हणून सांगितलं."

"आणि काल संध्याकाळी?"

"घरीच. टीव्ही बघत होतो. एकट्या माणसाचं दुसरं काय असतं?"

टेबलावर एक जुनी वही होती. कडा मऊ पडलेल्या, आत पेन्सिलीचं बारीक बायकी अक्षर. त्यानं कोपरानं ती मिटली.

"बाग कधीपासून?"

"त्रिनिदाद असल्यापासून. माझी बायको. दोन वर्षं झाली तिला जाऊन."

निघताना सार्जंटचा पाय एका कुंडीला लागला. मातीच्या कुंडीत रोप लावलेलं नव्हतं. रोपवाटिकेची काळी पिशवी तशीच आत ठेवली होती. शेजारच्या कुंडीतही तेच. तिनं पाहिलं आणि पुढे गेली. विकत आणलेली झाडं ठेवणं हा काही गुन्हा नव्हता.

सूर्य खाली उतरला तशी ती मानांगच्या परसात उपड्या बादलीवर जाऊन बसली. घरी जायचं नव्हतं, म्हणून बसली. टाकी बघितली, कुंपण बघितलं. कुंपण छातीएवढं. गल्लीतून हात लांब केला की टाकीवर पोचत होता.

पावणेसहा झाले.

मांडवावर काहीतरी हललं. सकाळची फुलं गळून पडली होती. त्यांच्या जागी लांबट कळ्या होत्या. एकीची टोकं सुटली, मग दुसरीची. सहा वाजून गेले तेव्हा तिच्या डोक्यावर पंधरा-वीस पांढरी फुलं पूर्ण उघडली होती.

ती उठून उभी राहिली आणि फोनमधला फोटो फुलाशेजारी धरला.

मग तिनं मानोंग वगळून गटातल्या एकेकाला फोन लावला. सगळ्यांना एकच प्रश्न.

"दुधीला पराग कधी लावायचे?"

"दिवेलागणीला," पहिली म्हणाली. दुसरा म्हणाला, "सूर्य बुडताना." तिसरी हसली. "मॅडम, तुम्हीपण लावताय की काय?"

रेमेदियोस म्हणाली, "संध्याकाळी. मानांगनंच शिकवलंय सगळ्यांना."

"मग सकाळच्या निरोपात वेगळं का होतं?"

"माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, घाईत चुकली असेल. मानांगची चूक कोण काढणार?"

कोठडीत निकानोर भिंतीला टेकून बसला होता.

"दुधीला पराग कधी लावतात?"

त्यानं मान वर केली. "हे काय विचारताय? संध्याकाळी. दरवर्षी बॅटरी धरायला लावायची मला, वीस वर्षं. सुट्टीच्या दिवशी अजूनही धरतो. धरायचो."

रविवारी संध्याकाळी पाच वाजता तिनं तिघांना मानांगच्या परसात बोलावलं. साहेब कुरकुरतच आले. निकानोरच्या हातात बेड्या होत्या. रेमेदियोस मांडवाच्या खांबाला टेकली. वेन्सेस्लाओ इस्त्रीच्या शर्टात होता.

"मानोंग, तुम्ही जाणकार," सार्जंट म्हणाली. "दुधीचं फूल कधी उमलतं?"

"पहाटे," तो लगेच म्हणाला. "भोपळ्याचं उमलतं तसंच."

रेमेदियोसनं त्याच्याकडे बघितलं. निकानोरनंही बघितलं. वेन्सेस्लाओनं एकेकाचा चेहरा पाहिला.

"का? काय झालं?"

"भोपळ्याचं पहाटे उमलतं," सार्जंट म्हणाली. "दुधीचं संध्याकाळी. सकाळी ऊन तापायच्या आत ते मान टाकतं. शनिवारी मी इथे आले तेव्हा या मांडवावरची सगळी फुलं लोंबत होती. निरोपातलं फूल मात्र टवटवीत आहे. म्हणजे तो फोटो शुक्रवारी संध्याकाळचा. मानांगनं तो काढला, आणि पाठवायच्या आत ती मेली. डॉक्टरना नक्की सांगता आलं नाही, पण दोन तासांत अंग एवढं ताठ होत नाही."

"मग पाठवला कोणी?" साहेबांनी विचारलं.

"सकाळपर्यंत ती जिवंत होती असं ज्याला दाखवायचं होतं, त्यानं. सकाळी आठपासून ज्याच्याकडे साक्षीदार होते, त्यानं. निकानोर सकाळी घरात एकटाच होता. त्या निरोपानं त्याचाच गळा अडकला. असा निरोप तो स्वतः कशाला पाठवेल? शिवाय त्या संध्याकाळी तो बोटीवर होता, मी विचारून घेतलंय. आणि वीस वर्षं बॅटरी धरलेला माणूस 'सकाळी पराग लावा' असं लिहिणार नाही. रेमेदियोस लिहिणार नाही. गटातलं कोणीच लिहिणार नाही. एक सोडून."

वेन्सेस्लाओ हसला. "एवढ्या चुकीवरून?"

"हात द्या, मानोंग."

तिनं फोन त्याच्या उजव्या हाताशेजारी धरला. "पान बाजूला धरलेला हा अंगठा. मानांगच्या नखांत माती होती. हिचे हात टोमॅटोनं रंगलेत. याचे ग्रीसनं. हा अंगठा स्वच्छ आहे. बागेत हात न घालणाऱ्या माणसाचा आहे. आणि नखाच्या मुळाशी हा आडवा व्रण. तुमच्याही आहे."

त्यानं स्वतःचा अंगठा पाहिला. पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा.

"तुमची झाडं दुकानातून येतात," ती म्हणाली. "सल्ले वहीतून येतात. वही त्रिनिदादची. तिच्यात दुधीचं पान नसणार."

वेन्सेस्लाओनं अंगठा मुठीत मिटला.

"तिला दुधी आवडत नव्हता," तो म्हणाला. "कधी लावलाच नाही आम्ही."

"आणि रॉकेल?"

"ते माझंच. वही संपत आली होती." आवाजात काही चढउतार नव्हता. "कॉन्सोर्स्यानं ओळखलं. म्हणाली, याआधीची वाक्यं त्रिनिदादची होती, हे तुझं आहे. रविवारी सगळ्यांना तूच सांग, नाहीतर मी सांगते. मी विनवायला आलो होतो. ती म्हणाली, आधी हे पान धर, फोटो काढू दे."

"पुढे?"

"रोज सकाळी कोणीतरी मला काहीतरी विचारायचं. दोन वर्षं. नाहीतर दिवसभर तोंड उघडायचं कारण नसतं, मॅडम. मी तिचे दंड धरले. ती म्हणाली, लोकांची झाडं मरतायत, वेन्सेस्लाओ. मी ढकललं."

"लगेच गेली?"

त्यानं टाकीकडे बघितलं. "नाही. हाक मारत होती. मी तिचा फोन शोधत होतो, गवतात पडला होता. सापडला तोवर हाक थांबली होती."

निकानोरच्या घशातून कसलासा आवाज आला. साहेबांनी मान वळवली.

"सकाळी चर्चला जाताना निरोप पाठवला," वेन्सेस्लाओ म्हणाला, "आणि फोन कुंपणावरून टाकीत टाकला. गल्लीत कोणी नव्हतं."

सार्जंटनं सगळं लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं. निकानोरच्या बेड्या तिनं काढल्या, त्याच वेन्सेस्लाओच्या हातात घातल्या. साहेब त्याला घेऊन गेले. जाताना वेन्सेस्लाओनं शर्टाची बाही नीट केली.

परसात तिघं उरले. झाडांना दोन दिवस पाणी नव्हतं. वांग्याची पानं खाली वळली होती.

"आता मी याचं काय करू?" निकानोर म्हणाला. तो मांडवाकडे बघत नव्हता.

"आधी पाणी घाल," रेमेदियोस म्हणाली. "रडायचं ते घालताना रड."

तिनं टाकीत बादली बुडवली, मग घाबरून थांबली. त्याच टाकीतलं पाणी होतं. निकानोरनं तिच्या हातातून बादली घेतली, भरली आणि वांग्यांकडे चालू लागला.

सार्जंट फाटकापर्यंत गेली होती. ती वळली. बूट काढून ठेवले, कुंपणाजवळची दुसरी बादली उचलली आणि टाकीत बुडवली. बादली जड होती. बोटांना कडी रुतली, आणि तिनं ती तशीच रुतू दिली.