शीळ ऐकून आलेलं

जर्मनीच्या हद्दीपासून किनाऱ्याकिनाऱ्याने डेन्मार्कच्या पार उत्तरेला, स्कागेनच्या टोकापर्यंत सायकलने जायचं, मागे छोटी झाकलेली गाडी जोडायची आणि तिच्यात मुल्ले कुत्रीला बसवायचं, हा बेत टोरकिल आणि राग्नहिल्ड दर हिवाळ्यात करत आणि दर उन्हाळ्यात मोडत. राग्नहिल्ड यंदा गेली. तिच्या इच्छेप्रमाणे तिची राख याच किनाऱ्यासमोर समुद्रात सोडली. मागे उरला बेत आणि उरली मुल्ले. ती खरं तर राग्नहिल्डचीच कुत्री, टोरकिल तिचा नुसता जेवण घालणारा. पण आता त्या घरात राग्नहिल्डची वाट बघणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्याचा जीव तिच्यात अडकला होता.

"बाबा, तुला गुडघे नाहीत, तिला दात नाहीत," मुलगी सिडसेल निघताना म्हणाली होती. "कोण कोणाला सांभाळणार?" तरी शहाणी पोरगी दर दोन-तीन दिवसांनी मोटार घेऊन त्याला गाठायची. आज ती मांडो बेटासमोर, मुख्य भूमीवरच्या बांधावर थांबणार होती.

बेटावरून तिकडे जायचं तर ओहोटीत उघड्या पडलेल्या वाळूवरून. वाट दाखवायला बर्च झाडाच्या फांद्या रोवलेल्या. बेटावर ज्या आबेलोनेच्या घरी तो उतरला होता, तिने डब्यात राय धान्याचा काळा पाव आणि तळलेला मासा भरून दिला.

"वाटेत थांबू नकोस," म्हातारी म्हणाली. "वारा पश्चिमेचा आहे, पाणी लवकर येईल. आणि वाळूवर शीळ घालू नकोस."

"अगं, मी मच्छीमाराचा पोर. बोटीवर शीळ घालायची नाही हे मला आईच्या दुधातून पाजलंय. पण ही काय बोट आहे? वाळू आहे ही."

"पाणी जरा बाहेर गेलं म्हणून घर तुझं होत नाही."

"शिळेने होतं तरी काय?"

"तळाशी आहेत ते सगळेच कोणीतरी बोलवायची वाट बघतात." तिने डब्याचं झाकण दाबून लावलं. "तू कोणाला बोलावलंस, ते कोण बघतो? जो जवळ असेल तो येतो."

टोरकिल हसला. शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात, पण हा शहाणा जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त करत आलेला. त्याला हातोडाच कळायचा.

अर्धी वाट छान उन्हात झाली. मग मुल्ले कुईंकुईं करायला लागली. म्हाताऱ्या कुत्रीला लघवीला लागली असेल, म्हणून त्याने गाडीच्या कापडी झाकणाची चेन उघडून तिला खाली उतरवलं. तेवढ्यात समुद्राकडून धुकं आलं. बघता बघता फांद्या गेल्या, क्षितिज गेलं, सायकलचं पुढचं चाकसुद्धा दिसेना. आणि मुल्लेही दिसेना.

"मुल्ले! ए मुल्ले!"

आवाज तोंडापुढेच पडला. दूर कुठेतरी चिखल बुडबुडत होता. भरती लागली होती. हिला हरवलं तर राग्नहिल्डला दुसऱ्यांदा हरवलं. पुढेमागे न बघता त्याने ओठ मुडपले आणि राग्नहिल्ड अंगणातून घालायची ती शीळ घातली. दोन आखूड, एक लांब, शेवटी वर जाणारी.

जरा वेळाने मागे वाळूत चपचप पावलं वाजली. गाडी खाली दबली.

"आली माझी बाई!" त्याला रडू फुटायचं बाकी होतं. त्याने आत न बघताच चेन ओढली आणि पायडल मारलं. गाडी जड लागत होती. भिजली की वजन वाढणारच. वासही येत होता, खोल गाळाचा आणि कुजक्या शेवाळाचा. लोळली असेल कशात तरी.

पाणी चाकांच्या कडांना लागलं तेव्हा खिशातला फोन वाजला. एका हाताने त्याने तो कानाला लावला.

"बाबा, कुठे आहेस तू? मुल्ले एकटीच आलीय इथे."

"काय...?"

"मुल्ले! ओली चिंब झालीय. माझ्या पायाशी बसलीय. बाबा... ऐकतोयस ना?"

फोन हातातून सुटला तो पाण्यात. टोरकिलचे पाय मात्र थांबले नाहीत. थांबला असता तर तिथेच संपला असता. मागे कोणीतरी हळूच सरकलं. गाडी उजवीकडे कलली, पुन्हा सरळ झाली. कुत्रं धापा टाकतं. हे काहीच आवाज करत नव्हतं.

मग भीतीतूनच एक वेडा विचार वर आला. शीळ कोणाची होती? राग्नहिल्डची. राख कुठे सोडली? इथेच.

"तू... तू आहेस का गं?" तो पुढे बघूनच म्हणाला.

मागचं वजन पुढे सरकलं, त्याच्या पाठीच्या अगदी जवळ आलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"बस. उतरू नकोस. स्कागेनपर्यंत नेतो तुला. मग घरी जाऊ. आता नाही सोडणार तुला, शपथ."

धुक्यातून सिडसेलच्या मोटारीचा भोंगा ऐकू येत होता. त्या आवाजाच्या रोखाने तो गुडघाभर पाण्यातून सायकल रेटत बांधावर चढला. सिडसेल धावत आली, रडत, शिव्या घालत. मुल्ले तिच्याही पुढे धावली, त्याला ओलांडून थेट गाडीशी गेली. शेपटी अशी हलत होती की सगळं अंग हलत होतं. अशी ती एकाच माणसासाठी हलायची.

त्याने झाकणाची चेन उघडली. आत कोणी नव्हतं. बैठक ओली होती.

"चल बाबा, सायकलची गाडी सोडव, घरी जाऊ," सिडसेल म्हणाली.

मुल्लेने आत उडी मारली. पण नेहमीसारखी मधोमध पसरली नाही. एका कडेला अंग चोरून बसली, जागा देऊन, आणि मान उंचावून समोरची हवा चाटायला लागली, एखाद्याचं तोंड चाटावं तशी.

"राग्नहिल्ड..." टोरकिल गुडघ्यांवर बसला. त्याला हसू येत होतं.

मुल्लेच्या मानेवरचे ओले केस दबले. कोणीतरी तिला कुरवाळत होतं. बोटं फिरतील तसे केस दबत होते, उठत होते. राग्नहिल्डचे हात मोठे होते, कणीक मळून रुंद झालेले.

केसांत उमटणाऱ्या या खुणा लहान पोराच्या बोटांच्या होत्या, बोराच्या बीएवढ्या.

"मुल्ले, बाहेर ये," तो कुजबुजला. "ये गं... ये ना."

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. आतून चेन हळूहळू बंद होऊ लागली.